बाखचे दोन राजीनामे : एकाला निरोप मिळाला, दुसऱ्याला तुरुंग

नवी नोकरी लागून जेमतेम वर्ष झालेलं असतं. आपणच मागे लागून मंजूर करून घेतलेलं एक मोठं काम अर्ध्यावर असतं. आणि नेमकी तेव्हाच दुसरीकडून जवळपास दुप्पट पगाराची ऑफर येते. जायचं तर आहे, पण ज्यांनी विश्वासानं घेतलं त्यांना सांगायचं कसं?

हा प्रश्न आयटी कंपन्यांच्या काळातला वाटतो, पण तीनशे वर्षांपूर्वी तो जर्मनीतल्या एका तेवीस वर्षांच्या ऑर्गनवादकापुढेही उभा होता. त्याचं नाव योहान सेबास्टियन बाख.

१९७७ साली नासाने व्हॉयेजर यानांसोबत सोन्याचा मुलामा दिलेली एक तबकडी अंतराळात पाठवली. तिच्यावर आपल्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे आणि बाखच्या तीन रचना आहेत. पाश्चात्त्य शास्त्रीय संगीतात बाखचं स्थान एवढं मोठं आहे. हयातीत मात्र तो जन्मभर नोकरदार होता. कधी चर्चचा, कधी सरदार-ड्यूकांचा, कधी नगरपालिकेचा. पगार, घरभाडं, सरपण, बढती आणि साहेबाची मर्जी या सगळ्याची चिंता त्याला होती. त्यानं नोकऱ्याही अनेक बदलल्या. त्यातले दोन राजीनामे शेजारी ठेवून पाहिले, तर एकाच माणसाच्या दोन निरोपांत किती फरक पडू शकतो ते कळतं.

दहाव्या वर्षी पोरका

बाखचा जन्म मार्च १६८५ मध्ये जर्मनीच्या थुरिंगिया भागातल्या आइझेनाख गावी झाला. घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या संगीताचा व्यवसाय होता. वडील गावचे वादक होते. १६९४ मध्ये आई गेली आणि पुढच्याच वर्षी वडीलही गेले. दहा वर्षांचा सेबास्टियन ओरड्रुफ गावी ऑर्गन वाजवणाऱ्या थोरल्या भावाकडे राहायला गेला. पंधराव्या वर्षी तो उत्तरेकडे ल्युनेबुर्गला गेला. तिथे शाळेच्या गायनवृंदात गाण्याच्या बदल्यात त्याचं शिक्षण आणि जेवणखाण होत असे.

पाठीशी पैसा नाही, आईवडील नाहीत, आहे ती फक्त हातातली विद्या. पुढे आयुष्यभर तो पगाराच्या बाबतीत इतका काटेकोर का राहिला, हे समजून घ्यायला एवढं पुरेसं आहे.

१७०३ मध्ये काही महिने वायमारच्या दरबारात किरकोळ नोकरी केल्यावर त्याला आर्नश्टाटच्या नव्या चर्चमधला नवा ऑर्गन तपासायला बोलावलं. त्या काळचा चर्चचा ऑर्गन म्हणजे अख्खी भिंत व्यापणारं यंत्र असे. शेकडो नळ्या, भाते, भाते दाबायला माणसं. असं यंत्र बांधून झालं की जाणकाराकडून तपासून घ्यायची पद्धत होती. बाखने तपासणी केली, वाजवून दाखवलं आणि गावकऱ्यांनी त्यालाच नोकरीवर ठेवलं. तेव्हा तो अठरा वर्षांचा होता.

रजा चार आठवड्यांची, गैरहजेरी चार महिन्यांची

आर्नश्टाटला पगार चांगला होता, पण बाखचं तिथं पटलं नाही. गायनवृंदातली मुलं कच्ची होती आणि त्यांना तयार करायची त्याची इच्छा नव्हती. १७०५ मध्ये एका बसून वाजवणाऱ्या विद्यार्थ्याशी त्याची भर रस्त्यात हाणामारी झाली. बसून हे फुंकून वाजवायचं एक लांबट वाद्य. बाखने त्याच्या वादनाची खिल्ली उडवली होती. विद्यार्थ्याने काठी उगारली, तर बाखने कट्यार उपसली. प्रकरण चर्चच्या अधिकाऱ्यांपर्यंत गेलं.

त्याच वर्षी ऑक्टोबरात त्यानं चार आठवड्यांची रजा मागितली. ल्युबेक शहरात बुक्स्टेहुडे नावाचे थोर ऑर्गनवादक होते, त्यांना ऐकायचं होतं. तो सुमारे चारशे किलोमीटर चालत गेला आणि परत आला तो जवळपास चार महिन्यांनी. अधिकाऱ्यांनी जाब विचारला. आपल्या जागी बदली माणूस ठेवला होता, एवढंच त्याचं उत्तर होतं. वर तक्रार अशीही होती की, ल्युबेकहून आल्यापासून तो भजनांच्या साथीत इतके अनोळखी स्वर घालतो की गाणाऱ्या भाविकांचा गोंधळ उडतो.

थोडक्यात, बाख हा साहेबांना आवडेल असा कर्मचारी नव्हता. त्यामुळे त्यानं पुढे जे केलं ते जास्त लक्षात घेण्यासारखं आहे.

म्युलहाउझेनची नवी नोकरी

डिसेंबर १७०६ मध्ये म्युलहाउझेनच्या सेंट ब्लासियस चर्चच्या ऑर्गनवादकाचं निधन झालं. म्युलहाउझेन हे कुठल्याही ड्यूकच्या हाताखाली नसलेलं, स्वतःचा कारभार स्वतः पाहणारं शहर होतं. एप्रिल १७०७ मध्ये ईस्टरच्या दिवशी बाखने तिथं वाजवून दाखवलं. जूनमध्ये पगाराची बोलणी झाली. बाखने आर्नश्टाटला मिळत होते तितकेच, म्हणजे ८५ गुल्डन मागितले. शिवाय धान्य आणि सरपण, तेही घरपोच. सामान हलवायला गाडी हवी हेही त्यानं सांगितलं. आधीच्या ऑर्गनवादकाला यापेक्षा कमी पगार होता, तरी नगरपरिषदेनं सगळं मान्य केलं. विशेष म्हणजे दोनच आठवड्यांपूर्वी लागलेल्या आगीत शहराचा मोठा भाग जळून गेला होता. अशा अवस्थेत त्यांनी हा तरुण वादक जास्त पैसे देऊन घेतला.

२९ जून १७०७ रोजी बाख आर्नश्टाटच्या नगरपरिषदेपुढे गेला, आभार मानले, ऑर्गनच्या किल्ल्या परत केल्या. त्याची जागा त्याच्या चुलत भावाला मिळाली. ज्या गावाशी इतकी भांडणं झाली होती, तिथूनही तो सरळपणे बाहेर पडला.

म्युलहाउझेनला सुरुवात छान झाली. ऑक्टोबरात त्यानं नात्यातल्याच मारिया बार्बारा बाखशी लग्न केलं. फेब्रुवारी १७०८ मध्ये नव्या नगरपरिषदेच्या शपथविधीसाठी त्यानं एक कँटाटा रचली. कँटाटा म्हणजे गायक आणि वाद्यमेळ यांनी मिळून सादर करायची मोठी रचना. परिषदेनं ती स्वखर्चानं छापून घेतली.

मग बाखने चर्चच्या ऑर्गनची तपासणी करून दुरुस्तीचा लेखी आराखडा दिला. हवेचा दाब कमी पडतो, भाते वाढवा. ३२ फुटी खर्जाच्या नळ्या बसवा. छोट्या घंटांचा एक संच जोडा. आगीतून सावरणाऱ्या शहरासाठी हा मोठा खर्च होता, पण परिषदेनं तो मंजूर केला. नव्या माणसावर याहून जास्त विश्वास टाकता येत नाही.

आणि काही महिन्यांतच बाखला दुसरीकडून बोलावणं आलं.

२५ जून १७०८ : पहिला राजीनामा

बोलावणं वायमारच्या ड्यूक विल्हेल्म अर्न्स्टकडून होतं. पाच वर्षांपूर्वी जिथं बाखने किरकोळ नोकरी केली होती, तेच वायमार. या वेळी पद होतं दरबारी ऑर्गनवादकाचं आणि पगार १५० गुल्डन. म्हणजे रोख रकमेत जवळपास पावणेदोन पट. शिवाय दरबारात कसलेले वादक होते. मारिया बार्बाराला दिवस गेले होते, वर्षअखेरीस पहिलं मूल होणार होतं. नाही म्हणण्यासारखं काही नव्हतं.

बाखने नगरपरिषदेला जे पत्र लिहिलं ते टिकून राहिलं आहे. तीनशे वर्षांपूर्वीच्या पद्धतीप्रमाणे त्यात मानाच्या पदव्यांची आणि नम्रतेची रेलचेल आहे. ती बाजूला काढली की खाली अगदी सुटसुटीत मांडणी दिसते.

सुरुवातीला आभार. आपल्याला या पदावर घेतलं आणि चांगला पगार दिला, याची जाणीव तो बोलून दाखवतो.

मग केलेलं काम. चर्चमधलं संगीत देवाच्या स्तुतीसाठी नीट, शिस्तशीर व्हावं हा आपला हेतू होता. त्यासाठी आपण पदरमोड करून दूरदूरच्या उत्तम रचनांचा संग्रह केला आणि ऑर्गनच्या दुरुस्तीचा आराखडाही दिला, हे तो सांगतो.

त्यानंतर जाण्याची कारणं. ती दोन आहेत आणि दोन्ही खरी आहेत. एक, मनात असलेलं संगीत इथं अडथळ्यांशिवाय करता येत नाही आणि ते लवकर बदलेल असं दिसत नाही. दोन, घरभाडं आणि गरजेच्या वस्तूंचा खर्च जाता हातात फारसं उरत नाही. अडथळे कोणी आणले, कुणाचं चुकलं, हे तो लिहीत नाही. एकाही माणसाचं नाव घेत नाही.

मग नवी नोकरी. ती लपवलेली नाही. वायमारच्या ड्यूकनं आपल्याला दरबारात घेतलं आहे, हे तो स्पष्ट लिहितो.

शेवटी विनंती आणि आश्वासन. आहे तेवढ्या सेवेवर समाधान मानून आपल्याला मोकळं करावं आणि पुढेही या चर्चच्या कामी येता आलं तर आपण येऊ.

दुसऱ्याच दिवशी, २६ जूनला, परिषदेपुढे विषय आला. आनंद कुणालाच झाला नव्हता. पण थांबत नाही तर सोडायला हवं, असा निर्णय झाला. अट एकच घातली. ऑर्गनचं काम पुरं करायला बाखने मदत करावी. आजच्या भाषेत सांगायचं तर रिलीव्हिंग लेटर एका दिवसात मिळालं आणि सोबत हँडओव्हरची जबाबदारी आली.

म्युलहाउझेनच्या जागेवरही बाख घराण्यातलाच माणूस आला. पुढच्याच वर्षी, १७०९ मध्ये, परिषदेनं शपथविधीसाठी पुन्हा एक कँटाटा करून घेतली, ती नोकरी सोडून गेलेल्या बाखकडूनच.

हालेचं प्रकरण

वायमारमध्ये बाखचा पगार वाढत गेला. १७१३ च्या डिसेंबरात तो हाले शहरात गेला. तिथल्या मुख्य चर्चमध्ये ६५ स्वरमालिकांचा प्रचंड ऑर्गन बांधला जात होता आणि ऑर्गनवादकाची जागा रिकामी होती. बाखने वाजवून दाखवलं, एक रचनाही सादर केली. हालेच्या लोकांनी करार घरी पाठवला. बाखने सही केली नाही. ड्यूककडून अजून मोकळीक मिळालेली नाही आणि करारात काही बदल हवे आहेत, असं कळवून त्यानं वेळ मागितला.

मार्च १७१४ मध्ये वायमारच्या ड्यूकनं त्याला कॉन्सर्टमास्टर केलं. पगार २५० गुल्डन. बाखने हालेला नकार कळवला.

हालेकर भडकले. आमची ऑफर दाखवून यानं आपल्या साहेबाकडून पगार वाढवून घेतला, असा त्यांचा आरोप होता. बाखने तो पत्र लिहून फेटाळला. तुम्ही बोलावलंत म्हणून आलो, वाजवा म्हणालात म्हणून वाजवलं, आणि पगाराचा हिशेब पाहता इथं येण्यात आपलं नुकसान आहे, असा त्याचा मुद्दा होता. हालेचा ठरावीक पगार वायमारपेक्षा खरोखरच कमी होता. तरीही आरोपात काहीच तथ्य नव्हतं असं छातीठोकपणे म्हणता येत नाही, कारण बढती आणि नकार एकापाठोपाठ आले.

पण बाखने ते पत्र उत्तराविना सोडलं नाही आणि भाषाही जपली. दोन वर्षांनी, १७१६ मध्ये, तो ऑर्गन पूर्ण झाला तेव्हा हालेच्या लोकांनी तपासणीसाठी तीन जाणकार बोलावले. त्यातला एक बाख होता. तपासणीनंतर पाहुण्यांना मोठी मेजवानीही दिली.

१७१७ : दुसरा राजीनामा

१ डिसेंबर १७१६ ला वायमारच्या दरबाराचे संगीतप्रमुख वारले. हे पद आपल्याला मिळावं अशी बाखची अपेक्षा होती. पण ते दिवंगत प्रमुखांच्या मुलाकडे गेलं. त्यात वायमारच्या राजघराण्यात ड्यूक आणि त्याचा पुतण्या यांचं वैर होतं. पुतण्याकडे वाजवायला ड्यूकनं आपल्या वादकांना बंदी केली होती. पुतण्याची बायको ही क्योथेनचा तरुण राजा लिओपोल्ड याची बहीण. लिओपोल्ड स्वतः संगीताचा जाणकार. त्यानं बाखला आपल्या दरबाराचं संगीतप्रमुखपद देऊ केलं, पगार ४०० थालर. थालर हे गुल्डनपेक्षा किंचित मोठं नाणं होतं.

५ ऑगस्ट १७१७ रोजी क्योथेनची नेमणूक पक्की झाली. पगार १ ऑगस्टपासून धरला आणि दोन दिवसांनी बाखला ५० थालरची भेटही मिळाली. पण वायमारचा ड्यूक त्याला सोडायला तयार नव्हता. नवी नोकरी हातात, पैसे घेतलेले, आणि जुनी नोकरी सुटलेली नाही, अशी स्थिती नोव्हेंबरपर्यंत चालली. बाख मागे हटला नाही. हट्टानं मोकळीक मागत राहिला.

६ नोव्हेंबरला ड्यूकनं त्याला कैदेत टाकलं. दरबारी नोंदीत कारण दिलं आहे ते सेवामुक्तीसाठी धरलेल्या अडेलतट्टूपणाचं. जवळपास चार आठवडे तो कोठडीत होता. घरी बायको आणि चार लहान मुलं होती. २ डिसेंबरला त्याला सोडलं आणि नापसंतीचा शेरा मारून सेवेतून मुक्त केलं. नऊ वर्षांच्या नोकरीचा शेवट असा झाला.

दोन राजीनाम्यांत एवढा फरक का पडला? बाखच्या बाजूनं पाहिलं तर १७०८ मध्ये त्यानं कारणं मांडली आणि अपुरं काम तडीस न्यायची तयारी दाखवली. १७१७ मध्ये त्याला डावललं गेलं होतं, राग होता, आणि नव्या मालकाचे पैसे घेतल्यामुळे माघारीचा रस्ताही उरला नव्हता. पण सगळं खापर त्याच्या माथी मारणं बरोबर नाही. म्युलहाउझेनमध्ये समोर नगरपरिषद होती, चर्चा करून ठराव करणारी. वायमारमध्ये समोर ड्यूक होता. त्याच्या दृष्टीनं दरबारी वादक हा चाकर. चाकरानं कधी जायचं हे मालक ठरवणार. त्यातून हा चाकर निघाला होता तो वैरी पुतण्याच्या मेव्हण्याकडे. कितीही सुंदर पत्र लिहिलं असतं तरी ड्यूक सहज मानला असता असं नाही.

क्योथेन आणि लाइपझिग

क्योथेनची वर्षं बाखच्या सुखाच्या काळात मोजली जातात. गाजलेल्या ब्रांडेनबुर्ग कॉन्चेर्टोंची सुबक प्रत त्यानं १७२१ मध्ये इथूनच पाठवली. पण १७२० मध्ये मारिया बार्बारा अचानक वारली. पुढच्या वर्षी त्यानं दरबारातली गायिका आना माग्डालेना हिच्याशी लग्न केलं. लिओपोल्डचंही त्याच सुमारास लग्न झालं. त्याच्या राणीला संगीतात रस नव्हता. मुलांच्या शिक्षणाचाही प्रश्न होता.

लाइपझिगच्या सेंट थॉमस शाळेत कँटरचं पद रिकामं झालं. नगरपरिषदेची पहिली पसंती टेलेमान होते. हांबुर्गनं त्यांचा पगार वाढवला आणि ते तिथंच राहिले. दुसरी पसंती ग्राउपनर. त्यांच्या मालकानं त्यांना सोडलंच नाही, पगार मात्र वाढवला. मग बाखचा नंबर लागला. म्हणजे काउंटर ऑफर ही तेव्हाही सर्रास चालणारी गोष्ट होती.

या वेळी बाखने आधी मालकाशी बोलून घेतलं. १३ एप्रिल १७२३ रोजी लिओपोल्डनं त्याच्या कामाची स्तुती करणारं पत्र देऊन त्याला मोकळं केलं. लाइपझिगच्या परिषदेनं त्याची निवड त्यानंतर, २२ एप्रिलला केली. लिओपोल्डनं त्याचं मानद पदही काढून घेतलं नाही. बाख पुढेही क्योथेनला जाऊन संगीत सादर करत राहिला. १७२८ मध्ये लिओपोल्ड वारला तेव्हा त्याच्या अंत्यविधीचं संगीतही बाखनेच केलं.

लाइपझिगला वरिष्ठांशी खटके उडतच राहिले. १७३० मध्ये त्यानं शाळेपासूनच्या एका मित्राला पत्र लिहून दुसरीकडे काही जमतंय का विचारलं. शहरात महागाई फार आणि मिळकत अंत्यविधींवर अवलंबून. हवा चांगली असली की माणसं कमी मरतात आणि आपलं उत्पन्न घटतं, अशीही तक्रार त्यात आहे. पण नवी नोकरी काही झाली नाही. लाइपझिगमध्येच तो सत्तावीस वर्षं राहिला. १७४९ मध्ये तो आजारी असताना परिषदेनं त्याच्या जिवंतपणीच वारसदाराची चाचणी घेऊन ठेवली. २८ जुलै १७५० ला बाख गेला.

सत्तावीस वर्षांनी उघडलेलं दार

१७३५ मध्ये बाखचा विशीतला मुलगा योहान गॉटफ्रीड बर्नहार्ड नोकरीच्या शोधात होता. म्युलहाउझेनच्या सेंट मेरी चर्चमध्ये ऑर्गनवादकाची जागा निघाल्याचं कळलं. बाखने तिथं मुलासाठी शब्द टाकला. ज्या शहराला तो एका वर्षात सोडून गेला होता, त्या शहरानं सत्तावीस वर्षांनी त्याच्या मुलाला नोकरी दिली आणि बाखला तिथला ऑर्गन तपासायलाही बोलावलं.

वायमारच्या ड्यूककडे असा शब्द टाकायची सोय त्याला राहिली नव्हती. म्युलहाउझेनला ती होती, कारण तिथून निघताना त्यानं कुणावर चिखल उडवला नव्हता आणि ऑर्गनचं काम तसंच टाकून तो गेला नव्हता.